शोभेचे पाम बियांपासून: कोकणातल्या हवेत

पामचं बी साठवणीचं नाही. वाळलं की आतला गर्भ मरतो. म्हणून पाकिटातलं जुनं बी घेण्यापेक्षा झाडाखाली पडलेली पिकली फळं गोळा करा. अरेका पामची फळं पिवळी-नारिंगी झाली, मनिला पामची लालभडक झाली की तयार. (अरेका पाम म्हणजे आपली पोफळ नव्हे, तो मूळचा मादागास्करचा.) दोन-तीन बिया कापून बघा: बीच्या आतला मगज टणक आणि कवचाला भिडलेला हवा. आत पोकळी असेल किंवा आंबूस वास येत असेल तर तो ढीग सोडा.

बीवरचा फळाचा गर पूर्ण काढावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. फळं दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, मग गोणपाटावर चोळा. भेरली माडाची (हाही पामच) फळं मात्र उघड्या हाताने चोळू नका. गरात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, तासन् तास खाज सुटते. रबरी हातमोजे घाला.

रुजवायला कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) आणि नदीची वाळू निम्मी-निम्मी. किनाऱ्यावरची वाळू नको, त्यात मीठ असतं. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर कोकोपीटमध्येही मीठ उतरतं, म्हणून ते दोन-तीनदा धुऊन पिळा. ओल किती? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. हे मिश्रण बियांसह झिपच्या पिशवीत भरून सावलीत, उबेच्या जागी ठेवा. २८ ते ३५ अंश उत्तम. उन्हात ठेवलीत तर बी आत शिजेल. आठवड्यातून एकदा उघडून बघा, बुरशी आलेलं बी काढून टाका.

अरेका साधारण दीड-दोन महिन्यांत रुजतो. फॉक्सटेल पाम आणि भेरली माडाला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पिशवी घाईने फेकू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी घातलं की एप्रिल-मेची ऊब मिळते आणि पावसाआधी अरेकाचे मोड हाती येतात.

मूळ दोन सेंटिमीटर झालं की पाच बाय आठ इंचाच्या पिशवीत लावा: दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बी जेमतेम झाकेल एवढंच खोल. रोपाला चिकटलेलं बी तोडू नका, पहिली पानं त्याच्यावरच जगतात. बिस्मार्किया पामचं गणित वेगळं. त्याचा कोंब आधी खोल खाली जातो, मग वर येतो. ते बी थेट फूटभर उंच पिशवीतच घाला.

पहिलं पान पामसारखं दिसत नाही. अरेकाचं दुभंगलेलं असतं, रॉयल पामचं अगदी गवताच्या पात्यासारखं. तण समजून उपटलं जातं ते हेच.

जून ते सप्टेंबर रोपं पागोळ्यांखाली ठेवू नका. धारेने माती उडते, बी उघडं पडतं. पिशव्यांना खाली भोकं हवीत, त्या चिऱ्यांवर उचलून ठेवा. बुंध्याशी तपकिरी होऊन रोप कोलमडलं तर ते काढा आणि बाकीच्यांचं पाणी तोडा. नुसतं औषध मारून ओल तशीच ठेवली तर पुढचं रोपही जातं.