त्वचेच्या किंवा गुप्तरोगाच्या औषधाचा ट्रायल पेपर कसा वाचायचा

नवीन क्रीम आलंय, अमक्या गोळीने इतके टक्के फरक पडतो, अशी बातमी आली की ज्याला वर्षानुवर्षं सोरायसिस नाहीतर एक्झिमा आहे त्याचा जीव लगेच तिकडे धावतो, आणि ते साहजिकच आहे. पण बातमीवर थांबू नका, त्या ट्रायलचा, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघणाऱ्या अभ्यासाचा, मूळ पेपर शोधा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या वेबसाइटवर औषधाचं आणि आजाराचं नाव टाकलं की निदान सारांश तरी फुकट वाचायला मिळतो, आणि तो समजायला डॉक्टर असावं लागत नाही, कुठे बघायचं एवढं माहीत असलं की पुरे.

सगळ्यात आधी बघा की तुलना कशाशी केलीय. त्वचेचे बरेच आजार आपले आपणच कमीजास्त होत असतात, आणि माणूस ट्रायलमध्ये नाव कधी घालतो, तर त्रास अगदी शिगेला पोचलेला असतो तेव्हा, म्हणजे पुढच्या महिन्यात थोडं बरं वाटायची शक्यता औषधाशिवायही असतेच. त्यात मलमाचा नुसता बेससुद्धा काम करतो, कोरडी त्वचा मऊ होते, खाज कमी होते. म्हणून चांगल्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं, तसंच लागणारं मलम देतात, फक्त त्यात औषध नसतं. पेपरात त्याला व्हेइकल म्हणतात. हा शब्द शोधा. तो नसेल आणि दुसऱ्या एखाद्या औषधाशीही तुलना नसेल, नुसते आधीचे आणि नंतरचे फोटो असतील, तर त्यावरून औषधाने किती केलं हे सांगताच येत नाही. आणि व्हेइकल असेल तर औषधाच्या गटाचा आकडा एकटा वाचू नका, दोन गटातला फरक काढा, तो फरक म्हणजे औषधाचं काम.

मग बघा काय मोजलंय. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात असं माझं मत आहे. नखाच्या बुरशीवर लावायचं एफिनाकोनाझोल हे औषध घ्या, दोन मोठ्या ट्रायल झाल्या, 48 आठवडे रोज लावायचं आणि 52व्या आठवड्याला तपासायचं. नखात बुरशी सापडत नाही अशी माणसं औषधाच्या गटात 55.2 आणि 53.4 टक्के, व्हेइकलच्या गटात साधारण 17. छान वाटतं ना? पण बुरशीही नाही आणि नखही पूर्ण स्वच्छ दिसतंय अशी माणसं औषधाच्या गटात फक्त 17.8 आणि 15.2 टक्के, व्हेइकलमध्ये 3.3 आणि 5.5. दोन्ही आकडे खरे आहेत, त्याच ट्रायलमधले आहेत, पण बातमीत यायला पहिला सोयीचा आणि पेशंटला हवं असतं ते दुसऱ्यात. औषध कामाचं नाही असं मी म्हणत नाही, नख हळू वाढतं त्यामुळे दिसायला वेळही लागतो, पण वर्षभर रोज लावायच्या आधी हा दुसरा आकडा माणसाला माहीत असायला हवा.

सोरायसिसमध्ये आजार किती तीव्र आहे हे मोजणारा पासी नावाचा स्कोअर असतो, 0 ते 72. पासी 75 म्हणजे सुरुवातीच्या स्कोअरपेक्षा निदान 75 टक्के सुधारणा, पूर्ण साफ नाही. डीएलक्यूआय म्हणजे 10 प्रश्नांची प्रश्नावली, स्कोअर 0 ते 30, त्यात खाज, कपडे, काम, जवळचे संबंध असं सगळं येतं, आणि मी तर हा आकडा आवर्जून शोधते कारण डाग किती उरले यापेक्षा माणूस जगतोय कसा हे तिथे कळतं. अजून एक, बऱ्याच स्कोअरमध्ये लालसरपणा मोजतात आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर तो लाल दिसतच नाही, जांभळट नाहीतर तपकिरी दिसतो, त्यामुळे आजार आहे त्याहून हलका धरला जातो. ट्रायलमध्ये कुठल्या रंगाच्या त्वचेची माणसं होती हे पहिल्याच टेबलात बहुतेक मिळतं, ते बघाच.

किती दिवस बघितलं हाही प्रश्न आहे. सोरायसिस, एक्झिमा वर्षानुवर्षं चालणारे आजार, आणि मुख्य निकाल 12 किंवा 16 आठवड्यांचा असू शकतो. औषध थांबवल्यावर काय झालं हे पुढच्या भागात किंवा वेगळ्या पेपरात शोधावं लागतं. उलटंही होतं, खरजेत किडे मेल्यावरसुद्धा दोनेक आठवडे किंवा जास्त खाज राहते, म्हणजे लवकर तपासून नुसती खाज विचारली तर चांगलं औषधही फेल दिसेल.

गुप्तरोगांच्या पेपरात यात आणखी गुंते येतात. क्लॅमिडिया या जंतूमुळे होणाऱ्या गुप्तरोगाची तपासणी उपचारानंतर 4 आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए सापडून ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय जोडीदाराचा उपचार झाला नसेल तर माणसाला परत लागण होते आणि ती औषधाचं अपयश म्हणून जमा होते. म्हणून तपासणी कधी केली आणि जोडीदाराचं काय केलं, हे दोन्ही पेपरात लिहिलेलं असलं पाहिजे.

आता टक्केवारी. जेनायटल हर्पिस, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणारा विषाणूचा आजार, एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशा 1484 जोडप्यांची ट्रायल 2004 साली छापून आली, आजार असलेल्याने 8 महिने रोज व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूवरची गोळी घ्यायची. जोडीदाराला लागण होण्याचा धोका 48 टक्के कमी झाला. मूळ आकडे बघा, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या तशाच गोळीच्या, गटात 3.6 टक्के जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात 1.9 टक्के. म्हणजे शंभर जोडप्यांमागे 8 महिन्यात दोनपेक्षा कमी जणांची लागण टळली. एखाद्या जोडप्याला तेवढंही खूप मोलाचं वाटेल, तो त्यांचा निर्णय, पण तो दोन्ही आकडे समोर ठेवून व्हावा. आणि ही सगळी एकमेकांशीच संबंध असलेली स्त्री-पुरुष जोडपी होती, त्यांना कंडोमही दिले होते, हेही लक्षात घ्या.

औषध खरंच घेतलं का हे तर नक्की बघा. संबंधानंतर 72 तासांच्या आत 200 मिलीग्राम डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, याने सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलमध्ये पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यात गोनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस मिळून साधारण दोन तृतीयांशाने कमी झाले, 2023 चा पेपर. त्याच वर्षी केनियातल्या 449 तरुण स्त्रियांच्या ट्रायलमध्ये म्हणण्यासारखा फरकच आला नाही. मग औषध बायकांना चालत नाही का? तर औषधाच्या गटातल्या काही जणींच्या डोक्याच्या केसांचे नमुने तपासले, आणि फक्त 29 टक्के नमुन्यांत औषध सापडलं. सांगताना घेतलं असं सांगणं आणि खरंच घेणं यात अंतर का पडलं, घरात गोळी दिसली तर काय होईल ही भीती होती का, असे प्रश्न त्यातून निघतात. नुसता निकाल वाचून हे कधीच कळलं नसतं. आणि कृपा करून असे पेपर वाचून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका.

पेपर वाचून झाला की क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हसारख्या रजिस्ट्रीवर, म्हणजे ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, पेपरात दिलेला ट्रायलचा नोंदणी नंबर टाका. आधी काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि पेपरात मुख्य म्हणून काय छापलं, हे जुळतंय का बघा. जुळत नसेल तर कारण दिलंय का शोधा.

आणि स्वतःच ट्रायलमध्ये जायचं ठरवत असाल तर संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा. अमेरिकेत टस्कीगीला 1932 ते 1972 सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराचं नावही न सांगता नुसतं बघत राहिले, 1940च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हाच नेहमीचा उपचार झाला तरी त्यांना तो दिला नाही. आज संमतीपत्र आहे, ट्रायलमधल्या माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी एथिक्स कमिटी आहे, तर त्यांचा पूर्ण उपयोग करा. विचारा की मधेच चांगला उपचार निघाला तर मला सांगणार का, व्हेइकलच्या गटात पडलो तर नंतर खरं औषध मिळणार का, मधे त्रास फार वाढला तर काय देणार. सुरू व्हायच्या आधी चालू औषध काही आठवडे बंद ठेवायला सांगतात, त्या काळात आजार उसळला तर फोन कुणाला करायचा ते लिहून घ्या. बायोप्सी, म्हणजे तपासायला त्वचेचा छोटा तुकडा काढणं, असेल तर व्रण राहील का विचारा. गुप्तरोगाची ट्रायल असेल तर नाव कुणाकुणाला कळणार, घरी फोन किंवा पत्र येणार का, हे आधीच स्पष्ट करा. आणि फोटो काढणार असतील तर चेहरा झाकणार का एवढंच विचारून थांबू नका, टॅटू, जन्मखूण, अंगठी यावरूनही माणूस ओळखू येतो, आणि फोटो छापायची परवानगी उपचाराच्या परवानगीपासून वेगळी द्यायची असते, नको असेल तर त्या चौकोनात सही करू नका.