आवडत्या रॉक गायकाचा पुरस्कार हुकला, तर रसिकाने काय करावे

१३ फेब्रुवारी २०१७ च्या पहाटे, नागपुरातले सारे धरमपेठ झोपेत असताना, मी गच्चीवर शाल पांघरून मोबाइलकडे डोळे लावून बसलो होतो. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा रविवारची दुपार होती. अमेरिकन रॉक गायक इगी पॉपच्या 'पोस्ट पॉप डिप्रेशन' या अल्बमला ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांच्या 'ऑल्टरनेटिव्ह अल्बम' या विभागात नामांकन होते आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या माणसाला आता तरी ग्रॅमी चुकत नाही, असे मी आदल्या दिवशी चार जणांना ऐकवूनही झाले होते. ग्रॅमी मिळाले नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मी ज्या चुका केल्या आणि पुढे हळूहळू जी रीत बसवली, ती येथे मांडतो, कारण वयाने मोठ्या झालेल्या रॉक कलावंतांवर जीव असलेल्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच.

सर्वांत आधी वेळेचे गणित नीट समजून घ्यावे. ग्रॅमीचा मुख्य सोहळा तेथील रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. पण रॉकच्या बहुतेक विभागांचे निकाल त्या सोहळ्यात नसतातच, ते त्याआधी दुपारी होणाऱ्या वेगळ्या कार्यक्रमात जाहीर होतात आणि तो आपल्या घड्याळात पहाटे दोनच्या आसपास सुरू होतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण सकाळी चहा घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसतात आणि आपल्या गायकाचे नाव पुकारले जाण्याची वाट पाहत राहतात. निकाल मात्र केव्हाच लागून गेलेला असतो. त्यामुळे जागायचेच असेल तर दोनला जागावे, नसता सरळ झोपून उठल्यावर यादी पाहावी. मी आता झोपतो.

निकाल विरोधात गेल्याचे कळले की संध्याकाळपर्यंत कोठेही काही लिहू नये. त्या सोमवारी सकाळी मी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर परीक्षकांची अक्कल काढली, विजेत्याला मिळालेली मते केवळ सहानुभूतीची असल्याचे ठासून सांगितले आणि वर दोन तारखाही चुकीच्या टाकल्या. विजेता होता ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी, अल्बम होता 'ब्लॅकस्टार', आणि बोवी त्याच्या प्रकाशनानंतर दोनच दिवसांनी, १० जानेवारी २०१६ ला गेला होता. एका मित्राने दुपारी शांतपणे विचारले की तू तो अल्बम ऐकला आहेस का. ऐकलेला नव्हता.

म्हणून राग थोडा निवला की कागद घेऊन त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: पुरस्कार कोणता, विभाग कोणता, तो कोणत्या कालावधीतल्या ध्वनिमुद्रणासाठी होता आणि त्या विभागात आणखी कोण होते. हे काम शाळकरी वाटते खरे, पण निम्मी निराशा येथेच जिरते. माझ्या कागदावर उतरले ते असे: २०१७ चे ग्रॅमी ऑक्टोबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या वर्षभरात निघालेल्या कामासाठी होते, 'ब्लॅकस्टार' त्यातल्या जानेवारीतला आणि 'पोस्ट पॉप डिप्रेशन' मार्चमधला. म्हणजे प्रश्न एवढाच होता की त्या बारा महिन्यांत या दोहोंपैकी, आणि त्यांच्यासोबतच्या आणखी तिघांपैकी, अधिक चांगले काम कोणाचे झाले. माझी तक्रार मात्र १९६९ पासूनची होती. त्या वर्षी इगीच्या द स्टूजेस या बँडचा पहिला अल्बम निघाला, तेव्हापासूनचे सगळे देणे मी एका वर्षाच्या एका विभागाकडून वसूल करू पाहत होतो. ज्येष्ठ कलावंताच्या बाबतीत चाहत्याचा हिशेब नेमका येथेच चुकतो: मागणी आयुष्यभराच्या कामाची असते आणि मतदान एका वर्षाचे असते.

यानंतर मते कोण देतो, हे पाहावे. ग्रॅमीची मते हा पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमी या संस्थेचे मतदार सभासद देतात आणि ते संगीताच्या व्यवसायातलेच असतात: गायक, वादक, गीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ. पहिल्या फेरीत नामांकने ठरतात, दुसऱ्या फेरीत विजेता. खपाच्या आकड्यांना किंवा चाहत्यांच्या मताला त्यात जागा नाही. काही विभागांमध्ये पहिल्या फेरीनंतरची अंतिम नामांकने निवडक जाणकारांची समिती ठरवीत असे. पुष्कळ टीका झाल्यावर २०२१ मध्ये ती पद्धत बहुतेक ठिकाणी बंद करण्यात आली. इतके कळले की 'जगाने नाकारले' असे म्हणणे अवघड होते, कारण जगाला कोणी विचारलेलेच नसते.

या मतदानाचा स्वभाव समजण्यासाठी १९८९ चा प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल या रॉकच्या अधिक जड, कर्कश प्रकारांसाठी ग्रॅमीत प्रथमच विभाग सुरू झाला. मेटॅलिका हा मेटल बँड जिंकणार हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. जिंकला जेथ्रो टल हा जुना रॉक बँड, ज्यांचा म्होरक्या मंचावर बासरी वाजवतो. त्यांच्या मंडळींपैकी कोणी सोहळ्याला आलेलेही नव्हते आणि सभागृहात नापसंतीचे आवाज उठले. पुढे त्यांच्या कंपनीने जाहिरात दिली, तिचा आशय असा की बासरी हे वजनदार, धातूचे वाद्य आहे. (आपली बांबूची असल्यामुळे ही कोटी नागपुरात वाया जाते.) नव्या विभागात मतदारांनी ओळखीच्या जुन्या नावावर शिक्का मारला, असे याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते आणि मला ते पटते. पुढच्याच वर्षी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले गेले आणि मेटॅलिकाला त्यांचे ग्रॅमी मिळाले. हा किस्सा रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांना पाठ असतो. पण त्याच १९८९ च्या यादीत इगी पॉपचेही नाव होते, हे फारच थोड्यांना आठवते. हरलेल्यांमध्येही प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध असे दोन वर्ग असतात, आणि आमचा माणूस दुसऱ्या वर्गात.

आता यातली सर्वांत कठीण गोष्ट, म्हणजे विजेत्याचा अल्बम ऐकणे. निदान पंधरा दिवस मध्ये जाऊ द्यावेत, नाही तर कान दोषच शोधत बसतात. मग तो एका बैठकीत, मोबाइल बाजूला ठेवून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच उपकरणावर, आवाजाची पातळी तीच ठेवून आपल्या कलावंताचा ऐकावा. पातळीचा आग्रह उगाच धरलेला नाही: जे थोडे मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि आपण नकळत आपल्या माणसाचे बटण जरा पुढे सरकवतो. मी होळीच्या आसपास हे केले. 'ब्लॅकस्टार'मधला सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकताना मला जे झाले, ते मी त्या व्हॉट्सॲप गटावर अजून कबूल केलेले नाही.

शिवाय ऐकता ऐकता जे वाचनात आले, त्याने माझ्या भांडणातली हवाच गेली. इगी पॉपचे १९७७ मधले दोन्ही अल्बम बोवीच्या साथीने घडले होते, आणि त्याच वर्षीच्या दौऱ्यात बोवी स्वतः मागे उभा राहून इगीसाठी कीबोर्ड वाजवत होता. ज्याच्याविरुद्ध मी सकाळी सहा वाजता शिव्या टंकत होतो, तो माझ्या गायकाचा साथीदार होता.

एवढे करूनही काही खुपत राहिले, तर ते कोठे खुपते हे तपासावे. माझ्या बाबतीत ते महालातल्या मामांच्या घरी खुपत होते. १९८८-८९ मध्ये मी सीताबर्डीवरून कॅसेट भरून आणत असे, नव्वद मिनिटांची, एका बाजूला इगी आणि दुसऱ्या बाजूला जे उरेल ते. सुट्टीत ती मामांकडे वाजू लागली की नाट्यसंगीतावर वाढलेले मामा वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारत, "काहून रे, याले एखादं बक्षीस तरी भेटलं का?" उत्तर देता येत नसे. पुरस्काराची वाट मी इगी पॉपसाठी पाहत नव्हतो. घरातल्या माणसांना दाखवायला मला एक शिक्क्याचा कागद हवा होता, हे मला २०१७ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजले. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत नागपुरात रॉक ऐकले, त्यांतल्या पुष्कळांची गोष्ट याहून वेगळी नसावी असा माझा अंदाज आहे.

कागदच हवा असेल तर तो कोठे मिळतो, हेही माहीत असावे. रेकॉर्डिंग अकॅडमीचा जीवनगौरव पुरस्कार स्पर्धेतून ठरत नाही, तो एकूण कामगिरीसाठी दिला जातो. इगी पॉपला तो २०२० मध्ये मिळाला. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडला स्पर्धेतले ग्रॅमी एकदाही मिळाले नाही, आणि जीवनगौरव मिळाला तो २०१८ मध्ये, फ्रेडी जाऊन सव्वीस वर्षे झाल्यावर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉक कलावंतांच्या अमेरिकेतल्या गौरवदालनात प्रवेशासाठी पहिल्या ध्वनिमुद्रणाला पंचवीस वर्षे व्हावी लागतात. द स्टूजेस ही अट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पूर्ण करून बसले होते, पण नाव पुनःपुन्हा यादीत येऊन गळत राहिले आणि प्रवेश मिळाला तो २०१० मध्ये. तेथे चाहत्यांनाही मत देता येते आणि लोक दिवसच्या दिवस ते देत बसतात. तथापि लाखो चाहत्यांच्या मतांतून जी यादी निघते ती हजाराहून अधिक मतपत्रिकांमधली एक मतपत्रिका म्हणून धरली जाते, हे ठाऊक असू द्यावे. मत जरूर द्यावे, फक्त त्यासाठी सुट्टी काढू नये. स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार आपल्याकडे फारसा चर्चेत नसतो. १९९८ मध्ये तो पंडित रविशंकरांना मिळाला होता आणि २०२२ मध्ये इगी पॉपला. मामांच्या घरात उपयोगी पडेल असा दाखला याहून चांगला मला सापडलेला नाही.

राहिलेला जोर कोणाला तरी ऐकवण्यात घालवावा. चार-पाच माणसे पुरेत; रविवारची सकाळ बरी, तर्री पोह्यांचे निमित्त असले की लोक उशिरा का होईना येतात. एकूण वेळ चाळीस मिनिटांपलीकडे नेऊ नये. १९६९-७० चे सगळ्यांत धारदार, कर्कश काम आधी लावले तर अर्धी मंडळी बशी घेऊन ओसरीवर जातात, तेव्हा सुरुवात १९७७ पासून करावी, तेथून मागे यावे आणि शेवटी २०१६ वर थांबावे, म्हणजे तोच आवाज चाळीस वर्षांत कसा खोल आणि खरखरीत होत गेला हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यांहून अधिक बोलू नये. हुकलेल्या पुरस्काराचा विषय आपण होऊन काढू नये. कोणी काढलाच तर वर्षासकट अचूक उत्तर द्यावे आणि पुढचे गाणे लावावे.

अशी एक बैठक मी २०२३ च्या हिवाळ्यात महालात, मामांच्याच माडीवर केली. मामा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात त्यांनी हात वर केला आणि पस्तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. मी म्हणालो, "भेटलं, मामा. दोन हजार वीसमध्ये, जीवनगौरव. आणि बाविसात आणखी एक, रविशंकरांना भेटलं होतं तेच." मामांनी थोडा वेळ मान हलवली, यंत्र कानातून काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "मंग ठीक आहे. आता वाजव किती वाजवायचं ते."