टोच पडलेल्या अंड्याला हात कधी लावावा

कोंबडीच्या अंड्याला 21व्या दिवसाच्या सुमारास टोच पडली, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने कवचाला पहिले छिद्र पाडले, की पिल्लाला मदत करण्यासाठी हात शिवशिवतात. परंतु त्या वेळी ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटत असतात, म्हणून टोचेची वेळ लिहून ठेवावी व 24 तास उबवण यंत्राचे झाकण उघडू नये. त्यानंतरही भेग पुढे सरकली नाही आणि पापुद्रा कोरडा, चिवट दिसू लागला, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस चोच टाळून त्यावर फिरवावा आणि छिद्राच्या कडेचे कवच चिमट्याने अगदी बारीक तुकड्यांनी काढावे. रक्ताचा ठिपका जरी दिसला, तरी तत्काळ थांबून अंडे परत उबेत ठेवावे. पिल्लाला ओढून मात्र कधीही काढू नये.