द्राक्षाच्या खानदानातली वेल, ठाण्याच्या बाल्कनीत

बाल्कनीत वेल हवी पण ऊन कडक आणि पाणी घालायला वेळ नाही, असं असेल तर सरळ कांडवेल लावा, हाडजोड म्हणतात ना तीच. ही द्राक्षाच्याच कुळातली, नीट बघा, पानाच्या बरोब्बर समोरून स्प्रिंगसारखा ताणा निघतो, द्राक्षासारखाच, आणि खोड चौकोनी, चार धारांचं. दोन-तीन पेरांचा तुकडा कापायचा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मग एक पेर मातीत जाईल असा उभा खोचायचा. कापताना ग्लोव्हज घाला, चीक लागला की जाम खाज सुटते, मी एकदा हात धुतच बसलेले.

मातीत निम्मी रेती घाला, कारण ठाण्यात घोडबंदरला जून ते सप्टेंबर जो पाऊस बदाबदा कोसळतो त्यात ही वेल तहानेने नाही, कुजून मरते. कुंडी आत सरकवा, खालची प्लेट काढा. चढायला ग्रिल आहेच, नाहीतर सुतळी.

आणि फोटोंमध्ये दिसते ती लालभडक पानांची व्हर्जिनिया क्रीपर नावाची वेल मागवू नका, पानं तशी लाल व्हायला थंडी लागते, ती ठाण्यात कुठून आणणार!