पक्ष्याची प्रवासाची पिशवी शिवताय? आधी तो टॉवेल खाली ठेवा

सोलापुरात कुणी पक्ष्यासाठी पिशवी शिवायला बसलं की पहिला हात टॉवेलच्या तुकड्यांवर पडतो. साहजिक आहे म्हणा. यंत्रमागांचं गाव, डागी तुकडे किलोवर मिळतात, त्यात आपल्या टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान. मऊ आहे, घाण शोषतं, पाय घसरत नाही. मग अस्तर दुसऱ्या कशाचं लावणार? शाळेच्या गणवेशांचं जॉबवर्क करता करता मी ओळखीपाळखीत या पिशव्या शिवून देते. दुरुस्तीला येणाऱ्या पिशव्यांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

टेरी टॉवेलला मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) लागतात. एकाचा धागा ताणलेला असतो, दुसऱ्याचा सैल सोडतात, आणि त्या सैल धाग्याचे फासे कापडावर उभे राहतात. आपलं अंग पुसायला ते फासे उत्तम. कॉकटेलची, म्हणजे तुऱ्याच्या त्या छोट्या पोपटाची (कॉकटील), नखी मात्र त्यात बरोबर अडकते.

ओळखीतला एक मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला होता, कॉकटेल घेऊन. पिशवी त्यानं स्वतः शिवलेली, आतून पांढराशुभ्र टॉवेल. मीही त्याच डब्यात होते. अस्तराबद्दल मी बोलले, तर म्हणाला, "मावशी, मऊ आहे ओ, हात लावून बघा की." कुर्डुवाडीपर्यंत सगळं ठीक. पुढे गाडीनं हिसका दिला, पक्षी दांडीवरून घसरला आणि एका नखीवर लोंबकळला. मग जी फडफड सुरू झाली! पोरगं घाबरून पाय ओढायला लागलं. ओढू नका, कधीही ओढू नका. धागा तुटत नाही, बोट दुखावतं. मी रुमालानं पक्ष्याला पंखांसकट हलकेच धरलं, छाती मोकळी ठेवून. छाती आवळली तर त्याला श्वासच घेता येत नाही. पर्समधल्या छोट्या कात्रीनं फासा कापला. नखी मुळाशी फाटून रक्त येत होतं, ते स्वच्छ कापडानं दाबून धरलं. घरी असते तर कॉर्नफ्लॉर लावलं असतं. दौंड गेलं तेव्हा कुठे पक्षी शांत झाला.

अस्तराला मी मांजरपाट वापरते, दाट विणीचा. बेतण्याआधी दोनदा धुते, कारण त्यात खळ असते आणि तो आटतो. बाहेरून गणवेशाच्या पँटचं कॉटन ड्रिल, फिक्या रंगाचं. पिशवी शिवून झाली की जुन्या जॉर्जेटच्या साडीचा तुकडा हाताला गुंडाळायचा आणि आतून कोपरान् कोपरा घासायचा. जॉर्जेट जिथं अडकेल तिथं नखीही अडकेल. दोऱ्याची टोकं, टिपेच्या गाठी, ओव्हरलॉकची लोंबणारी शेपटी, सगळं तिथंच सापडतं. सुटा दोरा बोटाला गुंडाळला जाऊन आवळत गेला तर बोट काळं पडतं. म्हणून शिवणीच्या कडा आत उघड्या ठेवू नका, पट्टी लावून बंद करा. पट्टीला वेळ लागतो हे मलाही माहीत आहे. तेवढाही धीर नसेल तर पक्षी पाळायचं कशाला घेतलंत, असं मनात येतं. समोरच्याला बोलत नाही एवढंच.

आता चेन. दोन रनरची (चेन उघडझाप करायच्या सरकत्या खिट्ट्यांची) चेन लावून ते वर मधोमध आणून बंद करायची फॅशन आहे. फोटोत छान दिसतं. दोन रनरच्या मध्ये फट राहते, बजी (बजरीगर, छोटा पोपट) त्यात चोच घालतो, मग डोकं, आणि जिथं डोकं जातं तिथून बजी जातो. एसटी स्टँडवर उडालेला बजी परत मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. एकच रनर ठेवा, बंद झाल्यावर तो खालच्या कोपऱ्यात यायला हवा, आणि शेजारी शिवलेल्या कडीत छोट्या हुकानं अडकवा. चेनच्या आतल्या बाजूनं दोन बोटं रुंद कापडी झडप लावा, नाहीतर बंद करताना पिसं दातांत येतात. "मी लक्ष ठेवीन की" म्हणणारे गाडी फलाटाला लागल्यावर धक्काबुक्कीत कशाकशावर लक्ष ठेवणार?

जाळी समोरासमोरच्या दोन बाजूंना हवी. एकाच बाजूला जाळी असेल तर हवा खेळत नाही, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे असतो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले, तर समजा त्याला उकडतंय. पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि काळं रेक्झिन, दोन्हीला माझ्याकडे बंदी आहे. मच्छरदाणीची जाळी लव्हबर्ड कुरतडून काढतो. गॅल्व्हनाइज्ड तार चघळली तर जस्ताची विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या, कडा दुमडून ड्रिलच्या दोन पट्ट्यांमध्ये धरा आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं हातानं शिवा. मशीनवर घालाल तर सुई मोडेल.

रबरी गोंद नको. त्याचा वास आपल्याला नुसता उग्र वाटतो, पक्ष्याच्या फुफ्फुसांना तो झेपत नाही. तळाला फोम नको, कुरतडून गिळतात. प्लायवूडचा तुकडा कापडी खोळीत घाला, वर कागद अंथरा. दांडी कडुनिंबाची, सालीसकट, धुऊन वाळवलेली, तळापासून जेमतेम वर, आणि दोन्ही टोकांना वायसर घालून बोल्टनं पक्की. दोरीनं टांगलेला झोका गाडीत नको. पाण्याची वाटी सांडणारच, काकडीचा काप ठेवा.

आणि रानातून धरलेल्या राघूचं माप घेऊन माझ्याकडे येऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळायलाच बंदी आहे.

रात्री शिवायची आणि पहाटे त्यात पक्षी कोंबून स्टेशन गाठायचं, हे करणारेच मला सकाळी फोन करतात: "मावशी, आत जातच नाही ओ." कसा जाईल? पिशवी आठवडाभर आधी पिंजऱ्याशेजारी उघडी ठेवा, आत राळ्याचं कणीस टांगा, त्याला आपणहून ये-जा करू द्या. मग चेन लावून गल्लीत एक फेरी मारा. एवढी सवड नसेल तर बाजारातला प्लास्टिकचा कॅरियर आणा. त्याला निदान टॉवेलचं अस्तर नसतं.