ताशाचा स्पीड मोजताय? या चुका टाळा

"दादा, एका मिनिटात अकराशे चाळीस!" नदीपात्रात प्रॅक्टिस चालू होती आणि आमच्या पथकातला एक पोरगा ठोके मोजायचं पॅड घेऊन पळत आला. आता ड्रमोमीटर, म्हणजे ज्या ठोके मोजायच्या मशीनवरून हे सगळं सुरू झालं, त्यावर ड्रमर माइक मँगिनीने २००५ मध्ये मिनिटाला १२०३ ठोके मारलेत, दुसरा ड्रमर टॉम ग्रॉसेटने २०१३ मध्ये १२०८, आणि आमचा बारावीतला गडी लगेच त्यांच्या मागोमाग? म्हटलं आण इकडे.

पॅड होतं प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि सेन्सिटिव्हिटी फुल. आतला सेन्सर कंपन ओळखतो, काडी कुठे लागली ते त्याला कळत नाही, त्यामुळे एक ठोका पडला की खुर्ची थरथरते, काडी उडून परत टेकते आणि एकाचे दोन होतात. त्याला म्हटलं सावकाश, तोंडाने मोजत ५० मार. आकडा आला ८७! पॅड खाली जाड सतरंजीवर ठेवलं, सेन्सिटिव्हिटी कमी करत करत ५० ला ५० येईपर्यंत आणली. ५० पेक्षा कमी यायला लागले तर समजा हलके ठोके गळतायत, मग थोडी वाढवा. परत मिनिटभर वाजवलं तर ६४८. चेहरा बघण्यासारखा होता, पण खरं सांगू, ६४८ पण काही वाईट नाहीये.

उलटी चूक पण होते. एका ठोक्यानंतर सेन्सर थोडा वेळ गप्प बसतो, ती वेळ काही मशीनमध्ये सेट करता येते. मिनिटाला १२०० म्हणजे सेकंदाला २०, दोन ठोक्यांत फक्त ५० मिलिसेकंद. तुम्ही ती वेळ ८० ठेवली तर कितीही जीव काढा, ७५० च्या वर आकडा जाणारच नाही. दोन्ही काड्या एकदम पडल्या तरी एकच धरतं, म्हणून उजवा-डावा नीट सुटा पाहिजे.

दहा सेकंद वाजवून सहाने गुणणारे तर भरपूर भेटतात, अरे चाळिसाव्या सेकंदाला मनगट दगड होतं तेव्हा वाजवून दाखवा ना. मोबाईलचं माइकवालं अ‍ॅप घरी ठीक, पथकात शेजारचे ढोलही मोजतं. आणि मेट्रोनोमचे (लय धरायला टिकटिक करणाऱ्या मशीनचे) १५० म्हणजे १५० ठोके नाहीत, मात्रेला चार वाजवले तर ६०० होतात.

आकडा मध्येच अडकला तर आधी वायर बघा, आमच्याकडे काडी लागून लागून पिनच ढिली झाली होती.