जुन्या डिझेल गाडीचा क्लच जड झाल्यावर काय तपासावे

डिझेल गाडीचा क्लच जडच असायचा, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण वर्षानुवर्षे डावा गुडघा दुखवत गाडी चालवतात. या समजुतीत थोडे तथ्य आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जितका जास्त, तितकी प्रेशर प्लेटची (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणाऱ्या तबकडीची) स्प्रिंग ताकदीची ठेवावी लागते. २००७ मध्ये आलेल्या स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता, तर त्याच गाडीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाचा ११३. मात्र हा फरक गाडी नवी असतानाही होताच. तेव्हा सहज दाबला जाणारा क्लच आता पायाला थकवत असेल, तर कुठला तरी भाग झिजला किंवा कोरडा पडला आहे, आणि तो कोणता हे गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी बऱ्याच अंशी ठरवता येते.

आधी गाडीचा क्लच केबलवर चालतो की हायड्रॉलिक आहे, ते पाहावे. पेडलपासून निघालेली जाड काळी केबल गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला जोडलेली दिसली, तर तो केबलचा क्लच. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलपाशी मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर असतो. त्याचे तेल काही गाड्यांत स्वतंत्र डबीत, तर काहींत ब्रेकच्याच डबीत असते.

केबलच्या गाडीत सर्वांत उपयोगाची चाचणी अशी: इंजिन बंद आणि थंड असताना, हँडब्रेक ओढून, केबलचे टोक गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून सोडवावे आणि पेडल हाताने दाबून पाहावे. पेडल व केबल निर्दोष असतील तर ते हाताच्या हलक्या दाबाने खाली जाते. तसे न होता ते खरखरत, अडखळत गेले, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशमध्ये (पेडलचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात) आहे. टोकाजवळची तार नीट न्याहाळावी. एखादा धागा तुटून बाहेर आलेला असतो आणि तो बोटात घुसतो, म्हणून तारेवरून उघडा हात फिरवू नये. आवरणाच्या तोंडाशी तांबूस गंजाची भुकटी साचली असेल, तर पावसाळ्याचे पाणी आत शिरले आहे असे समजावे. अशा केबलमध्ये तेल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण बहुतेक केबलना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि तेलाला धूळ चिकटून ती पुन्हा जड होते. केबल बदलणेच योग्य. नवी केबल बसवताना तिला कुठे तीव्र वळण पडणार नाही आणि ती सायलेन्सरच्या पाइपला टेकणार नाही, याची खात्री करावी.

हायड्रॉलिक गाडीत पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल, तर तेलात हवा आहे. जडपणाचे कारण मात्र बहुधा वेगळे निघते: सिलिंडरमधली रबरी सीले फुगलेली असतात, किंवा रबरी होज आतून सुजून तेलाची वाट अरुंद झालेली असते. होज सुजली असेल तर पाय काढल्यावर पेडल सावकाश वर येते. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, तेल भरावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, कारण त्याने सगळी सीले निकामी होतात.

पेडलपासून लिव्हरपर्यंत सर्व काही ठीक निघाले, तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे. क्लचप्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्राम स्प्रिंगची (प्रेशर प्लेटच्या बशीसारख्या स्प्रिंगची) बोटे उलट बाजूला, गिअरबॉक्सकडे, येतात, आणि स्प्रिंगचा कोन बदलल्यामुळे ती दाबायला जास्त जोर लागतो. म्हणूनच क्लच अजून घसरत नसतानाही पेडल जड झालेले असू शकते, आणि "पिकअप चांगला आहे, म्हणजे प्लेट चांगली आहे" हा युक्तिवाद टिकत नाही. पेडल दाबताच घरघर ऐकू येत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे ती बोटे दाबणारे बेअरिंग, गेले आहे. या बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचे बुश कोरडे पडूनही क्लच तितकाच जड होतो, आणि हे कारण गॅरेजमध्ये सर्वाधिक दुर्लक्षिले जाते.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, त्यामुळे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच एकदमच बदलावा. केवळ प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट ठेवली, तर थकलेली स्प्रिंग तशीच राहते. फोर्कचे बुश साफ करून ग्रीस लावून घ्यावे, किंवा सैल झाले असल्यास बदलावे. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा भेगा आहेत का, आणि क्रँकच्या मागच्या सीलातून तेल गळते का, हे गाडी उघडी असताना स्वतः उभे राहून पाहावे. आतली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसायला सांगावी. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. गिअरबॉक्सच्या ज्या शाफ्टवर क्लचप्लेट बसते, त्याच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त झाले तर ते प्लेटवर उडते आणि नवा क्लच धक्के देऊ लागतो.

केबलच्या गाडीत शेवटी पेडलची मोकळीक, म्हणजे क्लचवर दाब येण्यापूर्वी पेडल जितके सैल हलते ते अंतर, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे लावून घ्यावी. मोकळीक मुळीच न ठेवल्यास बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि प्लेट घसरू लागते. पहिले काही शेकडो किलोमीटर घाटात हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणे टाळावे, हँडब्रेकचा आधार घ्यावा, आणि त्यानंतर मोकळीक पुन्हा एकदा मोजावी.